भोंगे त्याचे, मशीन तिची

— अहो न्हाई, पाव्हणं, बसा खाली, ती काही भांडणं न्हाईत. आमच्या झरीत नवा माणूस आला की हेच होतं बगा — समोरच्या दारातून असा आवाज आला की तो उठून उभा ऱ्हातो, वाटतं आता कुणाचं तरी डोकं फुटतंय. कुणाचं फुटत न्हाई. ती कोकिळाबाई, अन् तो उंच माणूस वायरचं भेंडोळं घेऊन उभा हाय ना, तो भुजंग, तिचा सावत्र पोरगा. वायर अशी गुंडाळतेत का, म्हणायलीय ती, दुसरं काही न्हाई. सदरा काढून द्या इकडं. एस.टी.च्या दारात अडकली म्हणता बाही? अडकतीच. परभणीच्या गाडीला वख्त हाय अजून, तवर टाके घालून देतो. काय? सावत्र म्हणल्यावर दचकलात? दचका की. आमी सगळं गाव दचकून होतो लय दिवस. कोर्ट झालं ह्या दोघांत, परभणीला, काळ्या कोटवाल्यासकट. अन् कशापायी? शेतापायी न्हाई, घरापायी न्हाई — माईकपायी. हसता काहून? तुमच्या मानवतला नसंल होत असं, आमच्याकडं होतं.

दिनकरराव म्हणजे कोकिळाबाईचा मालक. रान होतं बरंसं, पण जीव सगळा माईकमधी — भोंगे, मशीन, तबकड्या, सगळ्याला मिळून आमी माईकच म्हणतो. लग्न म्हणा, जत्रा म्हणा, सप्ता म्हणा, ह्याची बैलगाडी निघाली की लोकांला कळायचं, कुठंतरी कार्य हाय. पयली बायको नर्मदाबाई, तिच्या हयातीत त्यानं दोन भोंगे घेतले अन् त्याच्यावर लाल रंगात तिचं नाव घातलं. ती गेली बिचारी. भुजंग तवा असंल धा वर्साचा, अन् पारू त्याच्या पाठची, अजून परकर नीट सावरता येत नव्हता तिला. मग कोकिळाबाई आली. तिचं तरी वय काय होतं — भुजंगाची थोरली बहीण शोभली असती. लेकरं तिला मावशी म्हणायली, तिनं बी कधी दुसरं काही म्हणा म्हणून हट्ट धरला न्हाई. अन् जुनी मशीन, तबकड्या वाजवायची, जळाली तवा ह्याच बाईनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या, नवी आणली. दिनकररावानं मशीनीच्या पेटीवर हिरव्या रंगात घातलं — कोकिळा. म्हणजे बगा, एकीचं नाव भोंग्यावर, एकीचं पेटीवर, अन् दोघी एकाच बैलगाडीत. मरेपर्यंत त्याला त्यात काही वावगं वाटलं न्हाई.

मशीनीपाशी कोण बसायचं? कोकिळाबाई. तवा बाईमाणूस मशीनीवर म्हणजे लोकं नवरी सोडून हिलाच बघायचे. पण हात असा — कोणतं गाणं कवा लावायचं, वरात येशीत आली की काय, जेवणावळीला काय, तिला सांगावं लागत न्हाई. बांगड्या मागं सारायची, पदर खोचायची, अन् सुई अशी टेकवायची की खरखर म्हणून न्हाई. मला काय ठावं? अहो, समोर दुकान हाय माझं. दिसतं.

अन् भुजंग? भुजंग झाडावर. लहानपणापासून त्याचं काम एकच, भोंगा घेऊन लिंबावर चढायचं, बांधायचा, उतरायचं. मशीनीला त्याला हात लावू दिला न्हाई बापानं. दोनदा-तीनदा पोरानं मागितलं, तर म्हणला, तू वरचं बघ. ते त्याच्या मनात कुठंतरी बसलं असंल — आमाला काय माहीत, आमाला तो नुसता चिडका वाटायचा.

दिनकरराव बसल्या जागी गेला. तेरावा झाला, अन् भुजंग दारात उभा ऱ्हाऊन म्हणला, माईक माझ्या बापाचा, सगळा माझा अन् पारूचा. पारू तुमच्याच मानवतला दिलेली, तिनं भावाकडून होकार भरला. कोकिळाबाई म्हणली, बापाचा असंल, पण मशीन माझ्या पाटल्यांची हाय, अन् ह्या घरात मी काय पाव्हणी आलते का. त्याच्यावर तो जे बोलला ते मी सांगत न्हाई. ती बी उलटून बोलली. भुजंग बायको-लेकरं घेऊन मळ्यात ऱ्हायला गेला, अन् दोघं बी वकिलाकडं गेले. गावात आबासाहेबांचा शब्द चालतो, त्यांनी मधी पडून सांगितलं, कोर्टाचा निकाल लागंपर्यंत ज्याच्यावर ज्याचं नाव त्यानं ते सांभाळावं — भोंग्यावर आईचं नाव म्हणून ते पोराकडं, मशीन बाईकडं. लय शहाणा माणूस, अन् त्या दिवशीबी त्यांला वाटलं असंल लय न्याय झाला. झालं काय? माईकच बंद. भोंग्याबिगर मशीन म्हणजे मुकी, अन् मशीनीबिगर भोंगा म्हणजे काय — नुसतं नरसाळं. झरीतल्या वराती मुक्यानं निघायल्या. गिऱ्हाईक परभणीहून माईक आणायले, अन् ही दोघं आपापल्या घरी बसून वाट बघायले, दुसरा कवा हात जोडत येतो त्याची.

कोण येतंय? भुजंगाचे भोंगे मळ्यात आखाड्यावरच्या छपराला टांगलेले, त्यात चिमण्यांनी घर केलं. अन् ही इकडं मशीन रोज पुसायची. दुपारच्याला गाणं लावायची — आता भोंगा न्हाई तर आवाज कुठून येणार, पण सुईचा येतो बगा बारीक, मच्छर गुणगुणल्यासारखा. तेवढ्यासाठी कान तबकडीला लावून बसायची. मी मशीन थांबवायचो तेवढा वेळ. माझी, शिवायची. म्हणजे — पाय दुखतात दुपारी, म्हणून.

तारखा पडायल्या. आता परभणीला इथून सोयीची गाडी एकच, तर दोघं एकाच गाडीत — ही पुढं, तो मागं. कोर्टाच्या आवारात ही एका झाडाखाली, तो दुसऱ्या. तारीख पुढं गेली की पुन्हा त्याच गाडीनं घरी. अन् आमाला एक गोष्ट कळत न्हवती, पाव्हणं. तारीख हाय म्हणलं की ही बाई आदल्या दिवशी केस धुवायची, चांगलं लुगडं काढायची. एकदा नामांतराच्या बंदामधी गाड्या बंद झाल्या, तारीख हुकली. आमी म्हणलं बरंच झालं, हेलपाटा वाचला. तर ही दोन दिवस धड जेवली न्हाई. चांगुणाबाई, तिची शेजारीण, मला म्हणली, लय खुन्नस हाय हिच्यात, खटल्याबिगर घास उतरत न्हाई. मला बी तसंच वाटलं.

मग कोर्टानं माणूस पाठवला. माल बघायचा, चालतो का न्हाई, किती किमतीचा, असं काहीतरी. साहेब आला, त्याला आबासाहेबांनी ह्या इथं, माझ्या दुकानापुढं, बाजंवर बसवलं, चहा दिला. साहेब म्हणला, चालू करून दाखवा. आता आली का पंचाईत! भोंगा बांधायला भुजंग पायजे अन् मशीन लावायला ही पायजे. दोघं एकमेकाकडं न बघता कामाला लागले. भुजंग तो समोरचा लिंब दिसतोय ना, त्याच्यावर चढला, चिमण्यांच्या काड्या अजून भोंग्यात तशाच. हिनं आत जाऊन मशीन लावली अन् दारातून वर लिंबाकडं बघत चांगुणाबाईसंगं बोलत बसली. पण मशीन गरम व्हायलीय, अन् बोलायचा माईक तिथंच पेटीवर, बटन वर केलेलं. तिच्या ध्यानात न्हाई, कारण भोंगा मुका हाय तवर माईक काय अन् लाटणं काय. अन् भुजंगानं वर वायरला वायर जोडली.

जोडली अन् त्याच्या कानाला लागून भोंगा बोलायला लागला, कोकिळाबाईच्या आवाजात — "चांगुणा, त्याला म्हणावं डावा पाय खाली घे. ती फांदी पोकळ हाय. दोरबी बांधला न्हाई कमरेला, बाप असता तर खवळला असता."

गाव थांबलं हो. तिला मात्र आत मशीनीच्या घरघरीत काही कळंना, भोंग्याचं तोंड पार गिरणीकडं. पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या, साहेबाचा कप तोंडापाशी थांबला. कुणीतरी पळत जाऊन सांगायला पायजे होतं आत, पण कुणी हाललं न्हाई. खोटं कशाला बोलू, मी बी न्हाई. भुजंगानं मात्र वर गपकन डावा पाय खाली घेतला.

चांगुणाबाई म्हणली, एवढी काळजी हाय तर देऊन टाक ना मशीन, हो मोकळी. तवा ती काय म्हणली — भोंग्यातून सगळ्या झरीनं ऐकलं, पार गिरणीपर्यंत — म्हणली, "देईन की. मशीन काय उराशी धरून मरायचंय का मला? पण दिली की मिटलं ना गं सगळं. मग तो कशाला येतोय माझ्या दाराला? आता निदान तारखेला तरी दिसतो. बारीक झालाय. मागच्या टायमाला गाडीत खोकत होता."

काय सांगू तुमाला. माणसं खाली बघायली. आबासाहेबांनी उगं पटका काढून झटकला अन् पुन्हा बांधला. भुजंग लिंबावर बसून ऱ्हायला. एवढा आडमाप गडी, फांदीला धरून, लेकरासारखा. लय वेळानं उतरला. सरळ तिच्या दारात गेला. तिला अजून काही पत्ता न्हाई. ती म्हणली, झालं का जोडून? हा म्हणला, "आवाज लय मोठा ठेवलास, मावशी."

अन् बाई बटनाकडं बघती तर —

तोंडावर पदर घेऊन ती भिंतीकडं वळली. हा पाटाजवळ गेला. मग म्हणला, "मला एकदा मशीन लावून बघायचीय. बाबांनी कधी हात लावू दिला न्हाई." ती सरकली. नुसती सरकली, जागा केली पाटावर. त्यानं सुई टेकवली ती अशी खर्रर्र, की लिंबावरच्या चिमण्या उडाल्या, अन् ही तेवढ्यात बी म्हणलीच, अशी टेकवतेत का.

साहेब उठला, माझं काम झालं म्हणला. पुढच्या तारखेला दोघं गेले, गाडीत एकाच बाकड्यावर, अन् दावा मागं घेतला. वकील नाराज. ही त्याला इचारायली, आता तारीख न्हाई का मग? तर भुजंग म्हणला, तारीख कशाला पायजे, मी येतोय की रोज. अन् येतो बगा. पारू बी दिवाळीला आली, लुगडं घेऊन. नवी पाटी केली, नर्मदा-कोकिळा. कुणाचं नाव आधी, ह्याच्यावर काही बोलली न्हाई बाई, फक्त अक्षरं बारीक काढली म्हणून पेंटरला बेजार केलं. आता तो मशीन शिकतोय अन् ती वर बघून सांगतीय, फांदी कोणती धरायची. चाललंय.

हं? भोंग्यातून तेवढंच आलं का? तेवढंच. म्हणजे — अजून जरा आलं होतं, पण ते काही कामाचं न्हाई. न्हाई हो, खरंच. बरं, आता गावात कुणी बी सांगंल तुमाला, तर मीच सांगतो. चांगुणाबाईनं इचारलं, अशी एकटी कुठवर ऱ्हाशील? तर ही म्हणली, एकटी कुठं, समोर आश्रुबा हाय की. म्हणजे मी. म्हणली, मशीनीवर बसून सारखा माझ्या दाराकडं बघत असतो, म्हणून तर त्याची शिवण वाकडी जाती.

आता बोलायची गोष्ट बोलली ती, त्याच्यात काय एवढं. बाजंवर साहेब होता, आबासाहेब होते, सगळे वळून माझ्याकडं बघायले, अन् माझ्या हातात गुंडी तशीच. पण मी म्हणतो, दाराकडं बघतो हे तिला कसं कळलं? ती बी बघत असंल तवाच ना? असो. बायकोला जाऊन माझ्या बारा वर्सं झाले, मला काय करायचंय. घ्या तुमचा सदरा.

आता बाही काय उलटीपालटी करून बघायलात, पाव्हणं? एवढी काही वाकडी न्हाई ती. उठा, गाडी लागली फाट्यावर.