तांबड्या मातीची मूठ

आधीच हात जोडतो, हे मी लिहून आणलंय आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लावलीय, शाळा लवकर सुटली माझी, भारी शब्दही येत नाहीत... पण तुम्हाला काय, तुम्ही ऐकणार, माझ्या वेलांट्या तुम्हाला थोड्याच दिसणार? तर मुद्दा असा, की विलायतेहून पाहुणा आला तर त्याला नवा राजवाडा दाखवावा की नाही? रंकाळा दाखवावा की नाही? सांगा! पण आमच्या तसबीर-सायबाला हे सांगायचं कुणी? मी? मी टांगेवाला! आपण लगाम धरायचा, गप बसायचं!

तसबीर-सायेब म्हणजे गोरा माणूस. इथल्या एका सरदारांच्या बंगल्यात भिंती भरून तैलचित्रं आहेत, ती जपायची, पुसायची, कुठलं कुठं टांगायचं ते ठरवायचं, एवढ्यासाठी त्याला आणलेला. आला होता एका पावसाळ्यापुरता, राहिला तो राहिलाच! मराठी शिकला, तीही कुठं? मंडईत, भाजीवाल्या बायडाबाईच्या पुढ्यात बसून. तोंड उघडलं की, "काय रं मीरासाब, घोड्याला चंदी घातलीस का न्हाई?" डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, मुरगूडचा पाटील बोलतोय.

आता झालं काय, त्याचा थोरला भाऊ आला, त्याला घरी परत न्यायला. सायेब मला म्हणाला, "मीरासाब, ह्येला माझं कोल्हापूर दाखवायचं. दिस मावळायच्या आत म्हनला पायजे, ऱ्हा बाबा हितंच!"

मग पहिला मुक्काम कुठं? म्हशीखाली! गल्लीत म्हैस उभी, गवळीण धोंडुबाई धार काढतेय, लोक तांब्या पुढं करतात आणि फेसासकट गरम गरम पितात, आपल्याला त्यात काय विशेष? पण पावण्यानं नाक आक्रसून काहीतरी पुसलं, सायबानं ते धोंडुबाईला सांगितलं, "इचारतोय, उकळत न्हाईसा का?" ती म्हैस सोडून उठलीच! "उकळून? का? पावणं आजारी हाईत?" प्यायला बिचारा. मिशी पांढरी झाली. मी मान फिरवून हसलो. मी काय बोलणार? मी टांगेवाला!

तिथून टांगा थेट कुस्तीच्या मैदानावर. महाराजांचं राज्य, कुस्ती म्हटलं की निम्मं शहर तिथं, झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं! जोडी ठरवायचं चाललेलं. आणि आमचा सायेब शिरला की हो सरळ मधोमध! भावाला घेऊन, वर मलाही हाताला धरून! खाली वाकला, मूठभर माती उचलली. हळद, ताक, तेल घालून मुरवलेली ती तांबडी माती. भावाला म्हणतोय, हातवाऱ्यांवरून कळत होतं, असा रंग आपल्या देशात कुठल्या डबीत मिळतो दाखव! भावाचे हातमोजे पांढरे. तो हात लावेना. म्हणून सायबानं मूठ माझ्या हातात रिकामी केली. "मीरासाब, वर धर! उनात धर, म्हंजी खुलतंय!"

मी धरली.

अहो, आखाड्यात उभं राहून मातीची मूठ वर धरली म्हणजे काय, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला ठाऊक. माझ्याशी लढायला कोण येतोय, या! मलाही ठाऊक होतं हो! पण हात वर गेल्यावर आठवलं!

हलगी कडाडली. लोक उठून उभे. "आलं की पोरगं! काडी हाय, पर काळीज बघा!" "सदरा काढ रं!" आणि पलीकडून जोतीराम पैलवान उठला. त्याची मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, ते त्याच्या आईलाच माहीत! आणि मी असा लाजाळू, की सवारीला "कुठं जायचं" विचारतानाही घोड्याकडं बघतो. सायेब तर टाळ्या पिटतोय, "आमचा मीरासाब हाय त्यो!" पावण्यानं टोपी काढून छातीशी धरली... त्यांच्यात मयताला धरतात म्हणे तशी!

कुस्त्या लावणारे आकाराम वस्ताद जवळ आले, माझं मनगट चाचपलं. हळूच म्हणाले, "कुठल्या तालमीचा रं तू?"

"कुठलाच न्हाई जी. टांगेवाला."

"मग माती कशापायी उचललीस?"

"सायबाला रंग बघायचा व्हता."

वस्तादांच्या मिशा थरथरल्या. हसू की राग, कळेना. मग असे गरजले की हलगी थांबली! "कुस्ती हुनार न्हाई! पोरगं माझ्याच तालमीतलं हाय, नवं हाय, रीत ठावं न्हाई! जोतीराम बी माझा, ह्यो बी माझा! एका वस्तादाची पोरं मैदानात एकमेकाला भिडत न्हाईत!"

"मग बरुबर हाय," लोक म्हणाले आणि बसले.

बसले हो! तुम्हाला सांगतो, इतका गार वारा कोल्हापुरात त्या दिवसाआधी कधी सुटलाच नव्हता! जोतीरामसुद्धा देखणा दिसायला लागला! टांग्यात भाऊ पोट धरधरून हसला, शेवटी डोळे पुसत काहीतरी बोलला. सायबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मला म्हणाला, "म्हनतोय, ऱ्हा बाबा हितंच. आमच्या गावात तुला करमायचं न्हाई." आणि घोड्याच्या चंदीचा खर्च आजपासून त्याचा, असंही म्हणाला. सगळं गोड झालं...

सगळं? निघताना वस्तादांनी माझी कॉलर धरली होती, ते राहिलंच. "भर मैदानात माझ्या तोंडातनं शब्द गेलाय. त्यो खोटा पडू देनार न्हाई. उद्या फाटं तालमीत यायचं!" आता नाही कसं म्हणायचं? मी टांगेवाला!

दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोट बांधून गेलो. आखाडा खणला. बैठका मारल्या, उठता येईना. मग वस्ताद म्हणाले, "हं, धर आता जोतीरामला."

"वस्ताद, एका तालमीतली पोरं भिडत न्हाईत न्हवं?"

"मैदानात न्हाईत. तालमीत मग काय, एकमेकांची लग्नं लावत्यात?"

पुढचं मला फक्त छप्पर आठवतंय. पण खरं सांगू? बघायला कुणी नव्हतं. आपल्याला तेवढंच पुरे!