डावीकडची बोली

आदरणीय अध्यक्ष महादेवराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांचा निरोप समारंभ आहे त्या आपल्या कानाच्या डॉक्टर छायाताई, आणि जमलेल्या माझ्या माणसांनो, सप्रेम नमस्कार.

ताईंनी काय केलं? एकच सांगते. माझे दीर कारभारी जानेफळच्या भाजी हर्रासात बोली पुकारतात. मध्यंतरी ते मान वळवून, उजवा कान पुढे करून ऐकू लागले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर तसंच कान देऊन ऐकायला शिकवत. मला वाटलं, भाऊजींना उतारवयात शिस्त लागली! पण बाजारात बोभाटा झाला, की कारभारी उजवीकडच्यांनाच माल देतो. आडते भागवतभाऊ तर ओरडले, "काऊन बे कारभारी, डावीकडचे पैसे खोटे हायेत काय?"

भाऊजींनी पुकारणंच सोडलं. चक्करही येई. घरी कोमट तेल झालं, मळ काढून झाला. ताईंनी मात्र श्रवणचाचणी केली; डाव्या कानाला फारसं ऐकूच येत नव्हतं. मग स्कॅन करवले. आधी नसेच्या गाठीची शंका होती. दुसऱ्या स्कॅनमध्ये ती हाडाची निघाली. आतल्या कानापासून मेंदूकडे नस जाते, त्या चिंचोळ्या वाटेतच हाड वाढलं होतं. फार विरळा प्रकार, कर्करोग नव्हे.

"मंग काढून टाका नं, मॅडम!" भाऊजी म्हणाले.

"गाठ काढली की गेलेलं ऐकणं परत येईल, असं मी सांगणार नाही. शेजारूनच चेहऱ्याची नस जाते, तिला इजा होऊ शकते. गाठ हळू वाढते, मेंदूवर दाब नाही. आपण तिच्यावर नजर ठेवू. वाढली, तर मीच ऑपरेशनला पाठवीन."

"अन् माह्या इमानाचं काय?"

या प्रश्नाला औषध होतं का? ताई भाऊजींना विचारून भल्या सकाळी हर्रासात आल्या. वांग्यांच्या ढिगापाशी, त्यांच्या डावीकडे उभं राहून त्यांनी बोली लावली. भाऊजी ढिम्म. उजवीकडे येऊन लावली. भाऊजींनी लगेच पुकारली. भागवतभाऊच म्हणाले, "कारभारी, डावा कान भिंतीले लाव. आम्ही सारे इकडून उभे राहतो."

आजही हर्रास तसाच चालतो. गाठ आहे तेवढीच आहे. परवा भाऊजींनी विचारलं, "तुम्ही गेल्यावर माहा कान कोन पाहीन?" ताई म्हणाल्या, "माझ्या जागी डॉक्टर अविनाश स्कॅन पाहतील. पण चक्कर वाढली, ऐकणं घटलं, तोंड वाकडं झालं, तर तारखेची वाट पाहायची नाही. तडक यायचं."

"हाव, येतो. पन पुकारनं सोडत नाही."

ताई, ते बघा, भाऊजी तिथं भिंतीला डावा कान लावून बसलेत. तुमचं सगळं ऐकताहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते माझ्या डावीकडे उभं होतं असं समजून मला माफ करा.