न्हाणीच्या सिमेंटचा खांब

साखर घाल बाई चहात, मग सांगते. आमच्या याईले, घरधन्याले, दुर्बिणीले कॅमेरा लावून चंद्राचा फोटो काढाचा होता. शाळेत विज्ञान शिकवतात. बायकोचा आजवर एक फोटो काढला नाही, पण चंद्राचा पायजे!

"दुर्बीण जराशी हालली तरी फोटो बिघडते," म्हणे. "मांगच्या अंगणात पक्का खांब पायजे."

न्हाणीसाठी मोठ्या मिनतवारीनं परमिटवर सिमेंट भेटलं होतं, ते सारं त्या खांबात गेलं. दुर्बिणीले पक्का खांब, अन् मी बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाले आंघोळ करून राह्यली! एक दिवस खांबाले दोरी बांधून लुगडं वाळू घातलं, तर असे ओरडले, जसं काही मी चंद्राच्याच गळ्यात दोरी बांधली.

दिवाळीपासून होळीपर्यंत खटपट चालली, तेव्हा कुठी एक फोटो जमला. "चंद्रावरचा एकेक खड्डा दिसन, पाहजो," म्हणाले, अन् फिल्म धुवाले यवतमाळच्या स्टुडिओत देऊन आले.

फोटो आणाले मीही संगं गेलती. पाकीट उघडलं, तर चंद्र कणकेच्या गोळ्यासारखा गुळगुळीत.

"खड्डे कुठी गेले?" याईनं फोटो उजेडात धरून पाह्यला.

स्टुडिओवाला मोठ्या खुशीत म्हणाला, "लई डाग होते गुरुजी. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सारे बुजवले. पोरीईच्या फोटोचंही आम्ही असंच करतो. डाग दिसले तर स्थळ कसं जमन?"

चंद्राचं स्थळ जमलं की सांगीन तुले. माझी न्हाणी अजून तट्ट्याचीच आहे.