रत्नम्माची ओली भिंत

लातुरात टँकरच्या रांगेत शिवकांता कडेवरच्या लेकराला थोपटत उभी होती. पुढं रत्नम्मा अन् जगदेवी, दोघी म्हाताऱ्या.

"रत्नम्मा, नळ महिनाभर कोरडा, अन् तुझ्या भिंतीला वल कशी गं?"

"शेजारच्या रेवणप्पानं पलीकडून चोरून हौद बांधलाय. त्योच झिरपून राहिलाय."

"मग सांग की त्याला!"

"येडी का काय! सांगितलं की गळती बुजवंल. आता भिंतीला माठ टेकवला की गार ऱ्हातो. नातवाचा पाळणाबी तिथंच हाय."

शिवकांताला राहवलं नाही.

"मावशी, पोपडे आलेत? भिंत वाजवून बघा."

"बघितली की. बद्द वाजती."

"अहो, मग आतून पोकळ झालीय! पडेल ती!"

"पडू दे की! हौद आमच्याच घरात फुटंल."

"अन् पाळणा?"

"हलवते बाई. घागरी मांडायला जागा लागंलच."