नवसाचा मेल

हसू नका, पण ऐका. मागच्या साली ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी येरमाळ्याच्या येडेश्वरीला मनातल्या मनात चांदीचे डोळे बोलले होते. ह्यांना दिसायला लागलं आणि नवस राहूनच गेला. आता सोमवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, तर मोबाईलवर मेल आला, 'तुमचा नवस बाकी आहे. इथं दाबा.'

सून म्हणाली, "अहो आई, असले मेल गावभर जातात. रिपोर्ट केला की बंद!" तिनं केलाही.

दुसऱ्या दिवशी परत आला, 'चांदीचे डोळे बाकी आहेत.'

सून रिपोर्ट करायला गेली आणि थांबलीच. "आई, हा तर तुमच्याच मेलवरून आलाय. रिपोर्ट कुणाचा करू?"

म्हटलं, "राहू दे बाई. येरमाळ्याची बस कितीला हाय, ते बघ."