मेटाफरची हजेरी

शेजारीण : नाउन... ए नाउन, चल गं बाई खुराड्यात, अंधार पडतोय. मास्तर, ही ढुंकूनही बघत नाही माझ्याकडे. सगळं अंगण पालथं घालतेय.

मास्तर : उच्चारात दम नाही तुमच्या. कोंबडीला कळतं ते.

शेजारीण : आयुष्य शिवणयंत्रावर गेलं माझं. आता या वयात जीभ कशी वळणार? हिचं नाव चंपी ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मास्तर : पोरांच्या डोक्यात इंग्रजी व्याकरण शिरत नव्हतं, म्हणून एकेका शब्दाला एकेक कोंबडी पाळली मी. शिकवणी बंद पडली, कोंबड्या राहिल्या. आता चंपी म्हटलेलं त्यांनाच आवडायचं नाही.

लेक : बाबा, तुमच्या बॅगा गाडीत ठेवल्या. गेल्या का कोंबड्या आत?

मास्तर : एकही नाही. आपलं ठरलंय बरं का. या बाईंच्या हाकेला कोंबड्या आत गेल्या, तरच मी तुझ्याकडे कायमचा राहायला येणार.

लेक : कालही तुम्ही हेच म्हणालात.

शेजारीण : अगं, मी पाठ केलंय गं सगळं. शिवतानाही पुटपुटत असते. काल एका गिऱ्हाइकाला विचारलं, बाहीला ॲडजेक्टिव्ह लावू का म्हणून. ती कापड घेऊन निघून गेली.

लेक : मावशी, मला म्हणून दाखवा बघू.

शेजारीण : ही ढिम्म बसलेली, ती व्हर्ब. ती नाचतेय ती नाउन. हे बदक म्हणजे सिमिली. आणि ही बदकासारखी फेंगडी चालणारी कोंबडी, ती मेटाफर.

लेक : बदक सिमिली? कुणी सांगितलं तुम्हाला?

शेजारीण : मास्तरांनी. दुसरं कोण सांगणार?

लेक : बदकासारखी चालते ती सिमिली, मावशी, म्हणजे उपमा. आणि चक्क बदक असून कोंबड्यांच्या हजेरीत येतं, ते मेटाफर, म्हणजे रूपक. दुधाचे दात पडायच्या आधीपासून येतंय मला हे. नाउन आणि व्हर्बही उलट सांगितलेत. बाबा?

मास्तर : वय झालं. होतं असं कधीकधी.

लेक : झोपेतसुद्धा माझं इंग्रजी सुधारायचात तुम्ही. मुद्दाम चुकीचं शिकवलंत ना?

शेजारीण : म्हणजे रोज संध्याकाळी मी यांच्यामागे फुकट धावले? अंडी मिळतील म्हणून कोंबड्या सांभाळायला हो म्हटलं, तर गुडघे गेले माझे. मास्तर, तुम्हाला काही वाटतं का?

मास्तर : शरम वाटते. जन्मात कुणाला चुकीचं शिकवलं नव्हतं.

लेक : यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंत.

मास्तर : ऐकलं असतंस? गेल्या खेपेला राहिलो होतो ना तुझ्याकडे. तू कामावर, जावई कामावर, नात कानात इयरफोन घालून. जेवण वेळच्या वेळी झाकून ठेवलेलं, काही कमी नव्हतं. पण दिवसभरात मला कुणी एक हाक मारली नाही. इथे मी हाक मारली की कुणीतरी धावत येतं. बदक का होईना.



शेजारीण : रडायचं ते नंतर रडा दोघं. मांजर टपून बसलंय कुंपणावर. नाउन, ऊठ. व्हर्ब, पुरे झालं नाचणं. आणि एवढंसं अंडं घालून गावभर बोंब मारते ती हायपरबोली, हे तरी खरं ना?

लेक : ते खरं आहे.

शेजारीण : हायपरबोली, सिमिली, मेटाफर... अगं बाई, गेल्या की. बदकपण गेलं.

मास्तर : उच्चार चांगले आहेत तुमचे. उगाच नावं ठेवली मी.

लेक : मावशी, कडी लावू नका. हजेरी संपली नाही अजून.

शेजारीण : आता कोण राहिलं?

लेक : बाबा.

शेजारीण : मास्तर, तुम्हाला बोलावतेय ती.

लेक : रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी हाक मारेन. उत्तर आलं नाही, तर घरभर शोधेन. बाबा.

मास्तर : हजर. येतो, चल. बाई, मेटाफरला पाण्याचं घमेलं मोठं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.