वऱ्हाडातला चेहरा

"‘भिंगाला टोपी लावीपर्यंत कुणी हलायचं न्हाय,’ असं तुमीच लग्नात बजावलं होतं नव्हं, सिद्धलिंगअण्णा?"

येरमाळ्याच्या मोटार थांब्यावर गौराबाई जप करत बसल्या होत्या. हा बाईचा आवाज त्यांच्या पाठीमागून आला.

"बजावलं, कोंडाबाई. पर तुमचा बब्रुवान वऱ्हाडात उभा हाय, हे मला फोटोवाल्याला काय ठाऊक? निजामाचे पोलीस त्याला हुडकतेत. जरा हलला असता तर तोंड पुसट आलं असतं."

"जन्मात एकदा ऐकलं मेल्यानं, ते बी तुमचं!"

"हसू नका. पोलिसांचे अमीनसाब आज फोटो बघाया येणारेत. फरारी पोरगा बहिणीच्या लग्नाला आला, हे कळलं तर तुमच्या जावयाला बी धरतील."

"मग फोटूची काच फोडून टाका."

"फोडली तर लगेच वहीम येईल. तेवढं तोंड पात्यानं खरवडावं लागंल."

"दुसरा फोटू न्हाय हो त्याचा. आधी बघू तरी द्या."

गौराबाईंनी हळूच मान वळवली. कोंडाबाईंनी काच उन्हाकडं धरली होती.

"अगं बाई! केस पांढरे झाले की लेकराचे!"

"काचेवर काळं ते पांढरं दिसतं, कोंडाबाई."

"दिसू द्या. म्हातारा झालेला बघितला म्या त्याला."

सिद्धलिंगांनी खिशातून पातं काढलं.

"पातं द्या इकडं. तुझ्या कुंकवाला धक्का लागू देणार न्हाय, असा लेकीला शब्द दिलाय म्या."

गौराबाईंच्या हातातली माळ थांबली. कोंडाबाई पदराखाली काच झाकून थांब्याजवळच्या देवळामागच्या आडोशाकडं चालू लागल्या.